७९ रुपये रोज : नागपुरात आठवडाभर हातावरच्या पोटाचा हिशेब करून पाहायचा असेल तर

शंभर रुपयांत दिवस काढायची पैज कोणीही जिंकतो. सकाळी टपरीवर तर्री-पोहे, दुपारी मित्राच्या डब्यातली पोळी, रात्री घरचं वरण-भात. गाडीत पेट्रोल कालचं, मोबाइलमध्ये रिचार्ज महिन्याचं, घरातलं तेल-तिखट आईनं भरून ठेवलेलं. खिशातून शंभर गेले खरे, पण दिवस निघाला तो साठ्यावर. यातून काटकसर जमते एवढं कळतं, गरिबी कळत नाही.

हातावर पोट असलेल्याची अडचण दुहेरी असते. पैसा कमी असतो, आणि तो कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसतो. पहिली गोष्ट पुष्कळ जण करून पाहतात, दुसरीच्या वाटेला कोणी जात नाही. खालची पद्धत मी विद्यार्थ्यांच्या गटांसाठी हळूहळू बसवली आहे आणि तिचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे. एकट्यालाही करता येते, पण सोबत एक माणूस हवा जो स्वतः यात नाही. त्याला आम्ही सावकार म्हणतो. त्याचं काम पुढे येईलच.

कोणी करू नये, कधी करू नये

मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, अठराच्या आतल्या मुलांनी, म्हाताऱ्यांनी आणि खाणं टाळण्याचा किंवा अति खाण्याचा मानसिक आजार झालेल्या कोणीही हे करू नये. रोजच्या गोळ्या असतील तर त्या हिशेबाबाहेर ठेवा आणि एकही चुकवू नका. चक्कर, हातापायाला थरथर, लघवी कमी होणं यातलं काहीही झालं की प्रयोग तिथंच बंद. घाबरल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या, वर नीट जेवा आणि डॉक्टरला दाखवा.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तर नावच काढू नका. नागपूरचा पारा ४५ च्या पार गेलेला असताना अर्धपोटी पायी फिरणं हा अनुभव नाही, आत्महत्येची तयारी आहे. डिसेंबर-जानेवारी सोयीचा, पण फसवाही. मेथी, पालक, वांगी, टमाटर तेव्हा मातीमोल होतात आणि सगळं जमतंय असं वाटतं. भाजी कडाडलेली असते तो ऑगस्ट खरा परीक्षेचा.

रक्कम कुठून आली

२०११ मध्ये योजना आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शहरातल्या माणसाला दिवसाला ३२ रुपये पुरतात असं प्रतिज्ञापत्र दिलं आणि देशभर टीका झाली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी काढलेली शहरी दारिद्र्यरेषा महिना १००० रुपये होती. २०१४ च्या रंगराजन समितीनं ती १४०७ वर नेली, म्हणजे रोजचे ४७. हे आकडे आता जुने झालेत. जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून रोजचे तीन डॉलर आहे, पण तिला बाजारातल्या डॉलरच्या भावानं गुणू नका. ती खरेदीशक्तीच्या दरानं मोजतात आणि रुपयांतला आकडा त्यापेक्षा पुष्कळ कमी निघतो. वर्तमानपत्रांतही ही चूक सर्रास दिसते.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणातला आकडा. शहरातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च त्यात २३७६ रुपये आहे. तिसानं भागा, ७९ येतात. यात नुसतं खाणं नाही, सगळं आलं : भाडं, वीज, गॅस, मोबाइल, साबण, दवाखाना, बस.

म्हणून आधी ठरलेले खर्च वेगळे काढा. झोपडपट्टीतली एक खोली पाच-सहा जणांनी वापरली तरी भाडं-वीज मिळून माणशी रोजचे १२ धरा. दोनशेच्या आसपासचं रिचार्ज २८ दिवस जातं, त्याचे ७. गॅसचे ८. साबण, कपड्याची पावडर, काडीपेटीचे ४. झाले ३१. हातात उरतात ४८. आठवड्याचे ठरलेले २१७ रुपये पहिल्याच दिवशी सावकाराच्या हवाली करा. ते गेले असं समजायचं.

आता रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. महाराष्ट्रात शहरी घराला यासाठी वर्षाच्या ५९ हजार उत्पन्नाची मर्यादा आहे, यावरूनच ही योजना कोणत्या घरांसाठी आहे ते समजा. पाच किलोचे रोजचे १६७ ग्रॅम होतात. तेवढे तांदूळ-गहू घरातून मोजून घ्या, पैसे धरू नका. पण निम्म्या गटानं हे धान्य घेऊच नये असं मी सुचवीन. अंगठा जुळत नाही म्हणून, गावच्या कार्डात नाव अडकलंय म्हणून रेशन न मिळणारी माणसं नागपुरात कमी नाहीत. बाहेरून कामाला आलेल्यांना विचारा.

चिठ्ठ्या

रोज ४८ रुपये खिशात टाकून निघालात तर तुम्ही पगारदार गरीब झालात. अशी माणसं थोडी. सकाळी आठला ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या अड्ड्यावर, उभा राहणारा मजूर दहापर्यंत कोणी नेलं तर कमावतो, नाहीतर डबा घेऊन परत येतो. म्हणून सरासरी मोडायची.

आठवड्याचे ४८ प्रमाणे ३३६ होतात. त्यातले ६ रुपये सुरुवातीचं भांडवल म्हणून खिशात ठेवा. उरलेल्या ३३० साठी सावकार चिठ्ठ्या करतो : १२०, ९०, ७०, ५० आणि तीन कोऱ्या. असे दोन संच, म्हणजे चौदा चिठ्ठ्या एका डब्यात. रोज सकाळी नऊला एक काढायची, काढलेली परत टाकायची नाही. सातच चिठ्ठ्या डब्यात असल्या तर तीन कोऱ्या निघून गेल्यावर पुढचे दिवस चांगलेच येणार हे पोरं लगेच हेरतात आणि निवांत होतात. चौदातल्या सात काढायच्या असल्या की तो आधार राहत नाही. एखाद्याचा आठवडा चारशेवर जातो, एखाद्याचा दोनशेवर अडतो, आणि तसंच व्हायला हवं.

दुसरा डबा रात्रीचा. त्यात दहा चिठ्ठ्या, सात कोऱ्या. तिनांवर लिहा : ‘ताप, औषधाचे ३०’, ‘चप्पल तुटली, २०’, ‘गावाहून पाहुणा, एका माणसाचं जेवण’. ही चिठ्ठी मात्र वाचून परत डब्यात टाकायची, कारण ताप एकदाच येतो असं काही नाही. पाहुण्याची चिठ्ठी निघाली की गटातल्या कोणालातरी खरंच जेवायला बोलवा. त्याला वाढताना तुमचं लक्ष कुठं जातं ते पाहा.

किराणा : पुडीचा भाव

घरातली फळी रिकामी करा. मीठसुद्धा विकत घ्यायचं. पातेलं, तवा, विळी, दोन ताटं चालतील. फ्रिज बंद. फ्रिज नाही म्हणजे सकाळचं वरण पावसाळ्यात रात्रीपर्यंत आंबतं, म्हणजे एका वेळेपुरतंच शिजवायचं, म्हणजे गॅस दोनदा पेटवायचा. एक गोष्ट गेली की तिच्यामागून चार जातात, हे तिसऱ्या दिवसापर्यंत आपोआप लक्षात येतं.

खरेदी मॉलमध्ये किंवा मोबाइलवरून करायची नाही. वस्तीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात संध्याकाळी सहा-साडेसहाला जा. कामावरून परतणाऱ्यांची तीच वेळ. पाच मिनिटं बाजूला थांबून ऐका. ‘आतपाव तूरडाळ द्या जी भाऊ. दहाचं तेल. पाचचं तिखट.’ दुकानदार डाळ काट्यावर टाकतो, आकडा पुढे सरकला की चिमटीनं चार दाणे उचलून परत पोत्यात. तेलाला बाटली घरून आणलेली असते, तिच्या तळाशी कालचं बोटभर तेल. पुडी बांधता बांधता बाई म्हणते, ‘दोन मिरच्या टाकून द्या न जी वरून.’ मिरच्या मिळतात, सांभार (कोथिंबीर) मिळेलच असं नाही.

तुम्हीही असंच मागा आणि घरी येऊन भाव काढा. समजा डाळ १२० रुपये किलो आहे. आतपावचे, म्हणजे १२५ ग्रॅमचे, १५ व्हायला हवेत. मी १८ दिलेत, २० सुद्धा दिलेत. वीस म्हणजे १६० रुपये किलो. तेलाचंही असंच. दुकानदाराला शिव्या घालू नका, पुडी बांधायला वेळ लागतो आणि त्याच वहीत त्याची उधारीही अडकलेली असते. सगळंच सुटं महाग पडतं असंही नाही. शाम्पूचं एक रुपयाचं पाऊच मोठ्या बाटलीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मार बसतो तो डाळ, तेल, तांदूळ यांवर, म्हणजे जे रोज लागतं त्यावर.

ज्या दिवशी १२० ची चिठ्ठी निघेल त्या दिवशी खरा पेच आहे. किलोभर डाळ घेतली तर भाव चांगला पडतो, पण उद्या कोरी निघाली तर नुसती डाळ खायची. पैसे राखले तर पुडीचा भाव द्यायचा. याचं बरोबर उत्तर नाही, वहीत आपण काय केलं तेवढं लिहा.

भाजी

कॉटन मार्केटला पहाटे ठोकात स्वस्त मिळते, पण पाच किलो वांगी घेऊन करणार काय? चौघांनी मिळून गेलात तरच परवडेल. एकट्याला उपयोगाचा आठवडी बाजार. महालातला बुधवार बाजार असो की तुमच्या भागातला, रात्री बाजार उठायच्या वेळी जा. आठनंतर पालेभाजीचे वाटे लागतात, दहाला एक, मग दहाला दोन. पान पिवळं झालेलं, टमाटर एका बाजूनं मऊ. ते आजच रांधायचं, उद्यावर ठेवायचं नाही. आलू-कांदा मात्र बघून घ्या, तो चार दिवस काढतो.

ताटात काय

विदर्भातल्या गरीब घराचं खाणं पुष्कळ शहाणं आहे, त्याचा फायदा घ्या. बेसनाचा झुणका आणि भाकर. गोळाभात, ज्यात बेसनाचे गोळे भाताबरोबरच शिजतात, म्हणजे एकाच गॅसमध्ये भात आणि डाळ दोन्ही. आंबाडीची भाजी कण्या घालून. जवसाची चटणी, जी आठवडाभर टिकते आणि कोरड्या भाकरीला तोंडी लावता येते. सणावाराला पातोडीचा रस्सा, पण त्यातला मसाला या हिशेबात बसणार नाही. नाश्त्याला बाहेरचे पोहे विसरा. पाच रुपयांचे फुटाणे आणि पाणी, पोट दोन तास गप्प बसतं.

एका दिवसाचा नमुना सांगतो, भाव आपल्या दुकानातले टाका. रेशनचं १६७ ग्रॅम धान्य, वर विकत २५० ग्रॅम तांदूळ-कणीक, ११ रुपये. डाळ ६० ग्रॅम, ७ रुपये. तेल २० मिली, ३. भाजी-कांदा पावभर, ८. मीठ-तिखट-हळद २. घरचा दोन वेळचा चहा ८. झाले ३९. उष्मांक काढले तर दोन हजारांच्या आसपास येतात आणि प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या जवळपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० उष्मांक आणि ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, बाईला १६६० आणि ४६. मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७१०. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्याचं कसंबसं भागतं, विटा उचलणाऱ्याचं सातशेनं कमी पडतं. आणि रेशन नसलेल्याला तेवढ्याच धान्यासाठी आणखी सात-आठ रुपये काढावे लागतात, म्हणजे खिशात काहीच उरत नाही.

पण हे ताट ४८ हातात आहेत असं धरून मांडलेलं आहे. कोरी चिठ्ठी आली की काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवावं लागतं, आणि आदल्या दिवशी ते माहीत नसतं. पहिल्या कोऱ्या दिवशी माणूस चहावर काढतो आणि स्वतःवर खूश असतो. लागोपाठ दुसरी आली की डोकं जेवणाशिवाय कशातच लागत नाही. त्या दुपारी अभ्यासाचं किंवा ऑफिसचं एखादं अवघड काम मुद्दाम हातात घ्या आणि किती वेळ टिकलात ते लिहून ठेवा. भूक लागली तर पाणी प्या, पण उपासाच्या नावाखाली जास्त ताणू नका. कोऱ्या दिवशीसुद्धा निदान एक वेळचं धान्य घरात असलंच पाहिजे, नसेल तर उधार घ्या.

सावकार

उधारीशिवाय गरिबीचा हिशेब लागत नाही. सावकाराकडून एका वेळी ५० घेता येतात. परतफेड दुसऱ्या दिवसापासून, रोज १५ प्रमाणे चार दिवस, म्हणजे ६०. संध्याकाळी सातला तो वसुलीला येणार किंवा फोन करणार. हप्ता चुकला की ५ रुपये दंड. बाजारातल्या डेली कलेक्शनची, म्हणजे रोज वसुली होणाऱ्या कर्जाची, ही बरीच सौम्य नक्कल आहे. सावकारानं दयामाया दाखवायची नाही, ही अट आधीच घाला, कारण तिसऱ्या दिवशी मैत्री आडवी येते. मला विचाराल तर या सगळ्या प्रयोगातली सगळ्यात शिकवणारी वेळ ही संध्याकाळची सातची आहे. खिशात वीस असतात, त्यातले पंधरा द्यायचे आणि पाचात रात्र काढायची, आणि समोरचा माणूस तुमचाच वर्गमित्र असतो.

खऱ्या दुकानदाराकडे मात्र उधारी मागू नका. त्याच्या वहीत ज्यांना खरंच गरज आहे त्यांची नावं असू द्या.

कशाला हात लावायचा नाही

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. हिशेबात ती चपखल बसते आणि म्हणूनच मोह होतो. पण प्रत्येक थाळी केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात. तुम्ही खाल्ली की रांगेतल्या शेवटच्या माणसाची गेली. तीच गोष्ट ठिय्याची, अनुभव म्हणून तिथं उभं राहून कोणाची मजुरी घेऊ नका. मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत उगाच रांग वाढवू नका.

गुरुद्वाऱ्यातला लंगर चालेल. तिथं कोणीही जेवावं अशीच रीत आहे. जेवल्यावर भांडी घासायला बसा, तेवढी सेवा आपल्याकडून व्हावी.

वस्तीत जाऊन फोटो काढायचे नाहीत. तुमच्या रिकाम्या ताटाचाही टाकू नका. आठवडाभर कोणाला सांगितलंच नाहीत तर लग्नाचं बोलावणं, मित्राची कॉफी, ऑफिसातली वर्गणी यांना नाही म्हणायला कारणं शोधावी लागतात. तो भागही अनुभवायचाच आहे.

येणं-जाणं

स्वतःची गाडी बंद. शहरातली ‘आपली बस’, शेअर ऑटो किंवा पाय. पारडी-कळमन्याकडून धरमपेठेत धुण्याभांड्याला येणारी बाई दोन्ही वेळचं भाडं भरते की एका वेळेला चालते, हे तुमच्याच घरी येणाऱ्या मावशींना विचारा, त्या सांगतील. सीताबर्डी ते महाल पायी पाऊण तास धरा. चाललं की भूक जास्त लागते, म्हणून वाचवलेल्या दहा रुपयांतले पाच पोटात जातात.

वही

रोज रात्री चारच गोष्टी लिहा : किती आले, किती गेले, काय टाळलं, आणि दिवसभरात पैशाचा विचार किती वेळा आला. शेवटचं अंदाजानंच लिहायचं. मोबाइलवर नको, कागदावर लिहा. अॅपमध्ये आलेख निघतात आणि माणूस आलेखावर खूश होतो.

आठवडा संपल्यावर

सावकाराची बाकी काढा. बहुतेकांची ती असतेच. ती मिटवून टाळ्या वाजवू नका. ज्यांना पुढे करायचं आहे त्यांनी दुसरा आठवडा त्याच बाकीसकट सुरू करावा. आता चार जणांचं घर धरा. एकच चिठ्ठी निघेल आणि ती चौघांची कमाई असेल, म्हणून रकमा चौपट करा, पण कोऱ्या तितक्याच ठेवा. आधी कोण जेवेल, कोण शेवटी, हे ठरवावं लागेल. मुलगा-मुलगी गट असेल तर कोण शेवटी जेवतं यावर लक्ष ठेवा.

याच टप्प्यावर एका चिठ्ठीवर ‘लाडकी बहीण, १५००’ लिहून डब्यात टाकायला हरकत नाही. योजना जुलै २०२४ पासूनची. दिवसाला ५० रुपये म्हणजे एका माणसाच्या ७९ पैकी किती, ते तुम्हीच बघा. ती चिठ्ठी निघाली की घरात पहिलं भांडण तिच्यावरूनच होतं : आधी सावकार की आधी डाळ.

गटातले बरेच जण दुसऱ्या आठवड्याला नको म्हणतात. आग्रह करू नका. मात्र त्यांच्या नावावरची बाकी त्यांनी त्या दिवशी एकरकमी भरायची, दंडासकट.